ताईच्या नऊशे चाळीस फेऱ्या

बावीस वर्षं मी शर्यतीच्या गाड्या चालवल्या आणि त्या बावीस वर्षांत मी कुठेही गेलो नाही. हे वाक्य माझं नाही, माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. मी ते पुष्कळ वर्षं हसण्यावारी नेलं.

माझ्या शर्यती लांब पल्ल्याच्या. सहा तासांच्या, बारा तासांच्या, चोवीस तासांच्या. गाडी एक आणि तिला ड्रायव्हर तीन, आळीपाळीनं चालवणारे. त्यांतला पहिला नावाजलेला असतो. दुसरा गाडीचा मालक, म्हणजे ज्याचा सिमेंटचा किंवा फरशीचा कारखाना आहे आणि ज्याला आपणही शर्यतीत उतरलो होतो असं नातवंडांना सांगायचं आहे असा गृहस्थ. तिसरा मी. नावाजलेला सुरुवात करतो आणि शेवट करतो, फोटोग्राफर जागे असतात त्या वेळात मालक चालवतो, आणि उरलेली गाडी तिसऱ्याच्या वाट्याला येते. दुपारी दोन ते पाच हा माझा ठरलेला वेळ. आत इतकं उकडायचं की बुटांचा डिंक सुटायचा. जिंकलो तरी विजेत्यांच्या फोटोत माझं कोपर तेवढं आलेलं आहे. आमच्या आईनं तो फोटो चौकट करून भिंतीवर लावला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते कोपर दाखवायची.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सिमेंटवाल्यांना आणि फरशीवाल्यांना गाडी चालवायला शिकवायचं कामही तिसऱ्याकडेच असे. त्यामुळे पन्नाशीला डावा डोळा अधू झाला आणि डॉक्टरांनी शर्यती बंद करायला सांगितल्या, तेव्हा मी सरळ शिक्षक झालो. शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर वेगवान गाडी विकत घेऊन नंतर तिला घाबरलेल्या लोकांना मी शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकालाही अद्याप खरचटलेलं नाही. तात्पर्य, आपल्याला शिकवता येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढचं सगळं या शंका नसण्यातून झालं.

मेव्हण्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला चार महिने झाले होते. सुरुवातीचे दिवस इस्पितळात गेले आणि नंतर त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या उपचार केंद्रात हलवलं. उजवा हात आणि उजवा पाय हळूहळू ऐकायला लागले होते, पण बोलणं गेलं होतं. ‘हो’ एवढा एक शब्द उरला होता आणि तो ते नाही म्हणायलाही वापरत. ताई रोज दोन बस बदलून जायची. भेटायची वेळ चार ते पाच. दुसरी बस वेळेवर मिळाली तर तिला वीस मिनिटं मिळायची.

केंद्रातले डॉक्टर म्हणाले, “आता इथे ठेवून फार उपयोग नाही. घरच्या माणसांत राहिले, घरचं बोलणं कानावर पडलं, तर बोलायला लागतीलही. पण आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी इथे आणावं लागेल. ती सोय असेल तर घरी न्या. नाहीतर मुलाकडे पाठवा, त्यांच्या शहरात मोठं केंद्र आहे.” मुलगा म्हणजे माझा भाचा. गुणी आहे, कुणालाही हेवा वाटावा असा. त्यानं घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि तो पुढच्या महिन्याच्या अखेरीला न्यायला येणार होता. ताई त्याला फोनवर ‘बघू’ म्हणत होती. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘मला यायचं नाही’ असा होतो हे भाच्यालाही ठाऊक होतं, म्हणून तोही ‘बघू’ म्हणायचा.

इस्पितळातून केंद्रात नेताना टॅक्सी करून झाली होती. मेव्हण्यांना आत बसवायला लागणारी दहा मिनिटं टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला आणि मेव्हणे त्या आवाजानं थरथरायला लागले. तेव्हा ताईनं तो विषय संपवला. खाली मेव्हण्यांची गाडी चार महिने धूळ खात उभी होती.

“मी येतो ना,” मी म्हणालो. “आठवड्यातून तीन दिवस. ट्रॅकवर सांगतो.”

ताई भांडी पुसत होती. “आणि चौथ्या महिन्यात?”

“चौथ्या महिन्यात काय?”

“चौथ्या महिन्यात तुला कुणीतरी कुठेतरी बोलावेल. तू जाशील. तसा तू वाईट नाहीस, बाळ, पण तू जातोस.” तिनं एक ताट जाळीत ठेवलं. “मला आणू-पोचवू नकोस. मला शिकव.”

ताई बासष्ट वर्षांची. अडतीस वर्षं ती गाडीत मेव्हण्यांच्या डाव्या बाजूला मांडीवर पर्स घेऊन बसली होती. स्टिअरिंगला तिचा हात एकदाच लागला होता, पुसताना. मी तीन आठवड्यांची रजा टाकली. तीन आठवड्यांत सिमेंटवाले तयार होतात, बहीण का होणार नाही, असा माझा हिशेब होता.

शिकाऊ परवान्यासाठी वाहतूक कार्यालयात गेलो. अर्जावर ‘प्रशिक्षकाचा तपशील’ असा एक रकाना होता. मी माझा आंतरराष्ट्रीय शर्यतीचा परवाना खिडकीतून आत सरकवला. त्याच्यावर चार देशांचे शिक्के आहेत. कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला.

“हा रस्त्यावर चालतो का?”

“रस्त्यासाठी नाहीये तो.”

“मग कशासाठी आहे?”

मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, परवाना परत दिला आणि रकान्यात ‘भाऊ’ असं लिहिलं. व्यवसायापुढे त्यानं ‘वाहनचालक’ लिहिलं. मी म्हणालो, निदान ‘शर्यतचालक’ तरी लिहा. तो म्हणाला, यादीत तो शब्द नाही, ट्रॅक्टरचालक आहे, तो लिहू का. ताई मागे उभी राहून छताकडे पाहत होती. तिला हसू आलं की ती छताकडे पाहते.

पहिला दिवस गाडी न हलवता गेला. शिकवण्याची सुरुवात बैठकीपासून करायची हा माझा नियम. मेव्हणे सहा फूट आणि ताई पाच फुटाला दोन बोटं कमी. सीट मागे होती ती पुढे घ्यायला मी खालच्या दांड्याला हात घातला आणि ताईनं माझा हात धरला.

“ती हलवू नकोस.”

“अगं, तुझे पाय पोचत नाहीत.”

“त्यांनी लावलेली आहे ती. ते आले की त्यांना पुन्हा शोधावं लागेल.”

ते आले तरी गाडी चालवणार नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण आमच्या धंद्यात या अडचणीवर तोड आहे. एकाच गाडीत तीन उंचीची माणसं बसायची असतात आणि दर वेळी सीट हलवायला वेळ नसतो, म्हणून बुटका ड्रायव्हर आपल्या पाठीच्या मापाची गादी बनवून घेतो. बसताना गादी आत टाकायची, उतरताना घेऊन उतरायची, सीट आहे तिथेच. मी ताईच्या पाठीची मापं घेतली आणि कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे गेलो. गाडीत गादी कशाला, हे त्याला पटेना. तीन वेळा करून आणली. पहिलीत ताई छताला टेकली, दुसरीत ती घसरून स्टिअरिंगखाली गेली, तिसरी बसली. या सगळ्यात चार दिवस गेले आणि इमारतीत बातमी पसरली की ताईचं पाठीचं दुखणं वाढलंय. तीन घरांतून तीन तेलं आली.

पाचव्या दिवशी गाडी हलली. ताई राहते त्या इमारतीला लागून अजून सहा इमारती आहेत आणि त्या साऱ्यांभोवती चौकोनी रस्ता आहे. एक फेरी सहाशे चाळीस मीटरची. कोपऱ्यावर औषधाचं दुकान, मग शाळेची मागची भिंत, मग बँक, मग गादीवाला, की पुन्हा आपलं फाटक. मी तो चौकोन पाहिला आणि खरं सांगतो, मला घरी आल्यासारखं वाटलं. कागद घेऊन मी त्याचा नकाशा काढला, कोपऱ्यांना नंबर दिले, खड्डे टिपले, आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ताईच्या शेजारी बसलो.

आता शिकवणं सुरू झालं आणि त्याबरोबर सल्लेही. तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही, पण ते रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले आणि दर फेरीला एक सूचना द्यायला लागले. फेरी दोन मिनिटांची असल्यामुळे त्यांना पुढची सूचना तयार करायला पुरेसा वेळ मिळे. “खांदे सैल.” “आरशात बघा.” “आता हसू नका, लक्ष जातं.” औषधाच्या दुकानदारानं पुठ्ठ्यावर फेरीचा आकडा लिहून दाखवायला सुरुवात केली, जसा शर्यतीत आमच्या माणसांनी फळीवर दाखवावा तसा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्याला ते आतूनच सुचलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र साफ सांगितलं की या वयात हा नसता उद्योग आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या गॅलरीत उभ्या राहून फेऱ्या मोजायला लागल्या आणि दुकानदाराचा आकडा चुकला की वरून दुरुस्त करायला लागल्या.

रोज पंचेचाळीस ते पन्नास फेऱ्या. वीस फेऱ्यांनी ताईला उतरवून पाणी पाजायचं आणि गाडीबद्दल बोलायला लावायचं. शर्यतीत उतरणारा ड्रायव्हर बसणाऱ्याला दोन वाक्यांत गाडीची हालत सांगतो, तशी मी तिला सवय लावत होतो. “क्लच उंच आहे,” ताई सांगायची. “तिसऱ्या कोपऱ्यावर मांजर बसतं.” दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्या फेऱ्यांच्या वेळांत तीन सेकंदांपेक्षा जास्त फरक नव्हता. मी फरशीवाल्यांना शिकवून हात टेकलेले आहेत, असा सारखेपणा मी एकाही फरशीवाल्यात पाहिला नाही. रात्री मी वहीत आलेख काढायचो आणि मला शिक्षक म्हणून फार बरं वाटायचं.

सातशे तिसाव्या फेरीला शाळेच्या भिंतीशी पोलिसांची गाडी आडवी उभी होती.

झालं होतं असं की बँकेच्या रखवालदारानं कर्तव्य बजावलं होतं. रोज सकाळी ठरावीक वेळेला तीच गाडी बँकेसमोरून पंचेचाळीस वेळा जाते, आत एक वयस्कर बाई सरळ समोर पाहत असते आणि तिच्या शेजारचा माणूस घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहितो, हे त्यानं वरिष्ठांना कळवलं होतं. चौकीत माझी वही जप्त झाली. पहिल्या पानावर चौकोनाचा नकाशा होता. बँकेच्या कोपऱ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘इथे वेग कमी, बाहेर पडताना पूर्ण जोर.’

इन्स्पेक्टर सभ्य होते. त्यांनी ताईला खुर्ची दिली. मला दिली नाही. मी उभ्याउभ्या त्यांना माझी सगळी कारकीर्द सांगितली.

“चोवीस तास?” ते म्हणाले.

“हो.”

“गोल गोल?”

“गोल म्हणजे, ट्रॅक असतो. वळणं असतात.”

“आणि चोवीस तासांनी कुठे पोचता?”

“जिथून निघालो तिथेच.”

ते थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. “मग मधे एखाद्याला वाटत नाही का हो, की आपण नसतो निघालो तर चाललं असतं?”

या प्रश्नाला उत्तर आहे. चांगलं उत्तर आहे, मी ते अनेक मुलाखतींत दिलं असतं, मुलाखती घेतल्या असत्या तर. पण त्या चौकीत, ताईसमोर, ते मला आठवेना. ताई छताकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

इन्स्पेक्टरांनी आमच्याकडून लिहून घेतलं की बँकेसमोरून दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा जाणार नाही. आम्ही उठलो तेव्हा ते वही चाळत म्हणाले, “एक विचारू? सगळ्या नकाशांत बाण एकाच बाजूला आहेत. तुम्ही उजवीकडे कधी वळतच नाही का?”

मी म्हणालो, आधी पाया पक्का करायचा असतो. हे मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला आजही ऐकू येतो. खरी गोष्ट अशी होती की माझ्या डोक्यात तो विचारच आला नव्हता. डाव्या बाजूनं चालायचं आणि डावीकडे वळत राहायचं, की चौकोन पूर्ण होतो. समोरून येणाऱ्या गाड्या कापाव्या लागत नाहीत. ट्रॅकवर समोरून कुणी येतच नाही. बावीस वर्षं माझ्या समोरून कुणी आलं नव्हतं.

दिवसाला दहाची मर्यादा आली म्हणून उरलेले दिवस फार मोलाचे झाले, आणि मोलाच्या दिवसांत माणूस जे येतं तेच करतो. आम्ही रोज दहा फेऱ्या नेहमीच्या चौकोनाभोवती आणि बाकीच्या बँक टाळून शेजारच्या चौकोनाभोवती घातल्या. डावीकडूनच. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी काकूंनी वरून जाहीर केलं, नऊशे चाळीस. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षक बारीक चणीचे होते, सर्दी झालेले. ताईच्या शेजारी ते बसले, मागे मी. ताईनं आरसे पाहिले, खांदे सैल सोडले, गाडी अशी उचलली की परीक्षकांच्या हातातला रुमालही हलला नाही. मला वाटलं, झालं काम.

“पुढच्या चौकात उजवीकडे घ्या,” परीक्षक म्हणाले.

ताई चौकात आली आणि सरळ गेली. पुढे जाऊन ती डावीकडे वळली. मग पुन्हा डावीकडे. मग पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वळणानंतर आम्ही बरोबर त्या उजवीकडच्या रस्त्याला लागलो होतो. एकही चूक नाही, एकही धक्का नाही.

“बाई, मी उजवीकडे म्हणालो होतो.”

“आलो ना?” ताई म्हणाली.

परीक्षक नाक पुसून म्हणाले, “आलात. पण मग गाडी मागे घेऊन त्या दोन खांबांच्या मधे लावा.” तेही माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. शर्यतीत गाडी मागे घेण्याची वेळ आली तर ती लाजेची गोष्ट असते, आणि लावायची कुठेच नसते, आपण उतरलो की पुढचा बसतो. ताईनं दोन्ही खांब पाडले. ते लाकडी होते, हे आमचं नशीब. पुन्हा परीक्षा दहा दिवसांनी. भाचा यायला बारा दिवस होते.

कार्यालयाबाहेर एका झाडाखाली आम्ही गाडीत बसून राहिलो. मी परीक्षेची पद्धत कशी जुनाट आहे यावर बोलायला सुरुवात केली. या विषयावर मी बराच वेळ बोलू शकतो.

“गप्प बस जरा,” ताई म्हणाली.

मी खिडकीची काच खाली केली.

“आई आजारी होती तेव्हा तू कुठे होतास ते मी कधी विचारलं नाही. तुझं काम होतं. ह्यांना झटका आला तेव्हा तू आलास, चार दिवस राहिलास, गेलास. त्याचंही काही नाही. पण तीन आठवडे मी तुझ्यामागे गोल गोल फिरले, कारण मला वाटलं याला माहीत असेल. बाळ, तुला कुठे जायचंच नसतं रे. मला जायचंय. अठरा किलोमीटरवर माझा माणूस पडलाय, मला तिथे जायचंय आणि त्याला घरी आणायचंय. तू मला एकदाही तो रस्ता दाखवला नाहीस.”

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षाही जास्त लाज वाटली. नऊशे चाळीस फेऱ्यांचे सहाशे एक किलोमीटर होतात. केंद्रापर्यंत सोळा वेळा जाऊन येता आलं असतं, वर थोडं पेट्रोल उरलं असतं. हा गुणाकार मी रोजच्या आलेखाशेजारी कधीच केला नव्हता.

“किती वाजले?” ताईनं विचारलं.

“पावणेतीन.”

“चारला भेटायची वेळ असते,” ती म्हणाली आणि तिनं किल्ली फिरवली.

तो प्रवास मी विसरणार नाही. त्या रस्त्यावर अकरा ठिकाणी उजवीकडे वळावं लागतं. पहिल्या वळणाला ताई चौकाच्या मधोमध अडकली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ट्रक आले. मी म्हणालो, “आता जा.” ती म्हणाली, “समोरून येतायत.” मी म्हणालो, “ते थांबतील.” ती म्हणाली, “तुला काय माहीत?” आणि मला खरोखरच माहीत नव्हतं. मग एका रिकाम्या भाजीच्या टेम्पोवाल्यानं हात बाहेर काढून तिला ‘या’ अशी खूण केली आणि ती गेली. दुसऱ्या वळणाला वाहतूक पोलिसानं सगळी वाहतूक थांबवून आम्हाला काढलं आणि जाताना मला उद्देशून म्हणाला, “आजोबा, बाईंना नीट शिकवा.” मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. पाचव्या वळणाला तिनं मला विचारणं बंद केलं. सातव्याला मी शिकवणं बंद केलं. नवव्याला मी स्टॉपवॉच गळ्यातून काढून मागच्या सीटवर टाकलं, कारण ते उगाच टिकटिकत होतं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. गाडी दोन जागांच्या मधे तिरकी लागली. मेव्हणे खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी ताईला ड्रायव्हरच्या दारातून उतरताना पाहिलं. आम्ही वर गेलो तर ते तिच्याकडे बघतच राहिले, मग खाली गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“मी आणली,” ताई म्हणाली.

“हो,” मेव्हणे म्हणाले. तो हो होता की नाही होता, ते कळायला मार्ग नव्हता.

मी रजा वाढवून घेतली आणि पुढचे नऊ दिवस रोज जाऊन आलो. मी शेजारी बसायचो, पण सामानासारखा. केंद्राच्या आवारात ताईनं कचऱ्याचे दोन डबे मांडून मागे घेण्याचा सराव केला. आरशात बघून गाडी मागे कशी घ्यायची ते मला केंद्रातल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं शिकवलं आणि मी ताईला. हे मी ट्रॅकवर कुणाला सांगितलेलं नाही. दहाव्या दिवशी त्याच सर्दीवाल्या परीक्षकांनी तिला तीनदा उजवीकडे वळवलं, खांबांमधे गाडी लावून घेतली आणि कागदावर सही केली. भाच्याला ताईनं फोन केला. “ये जरूर,” ती म्हणाली, “चार दिवस राहायला ये. न्यायला नको.” पलीकडून भाचा म्हणाला, “आई, तू गाडी चालवतेस?” त्याच्या आवाजात जे होतं त्यासाठी नऊशे चाळीस फेऱ्या फुकट गेल्या तरी चालतील असं मला वाटलं.

मेव्हण्यांना आणायला आम्ही दोघं गेलो. त्यांना अडतीस वर्षांत पहिल्यांदा डावीकडे बसवलं. बसवायला बारा मिनिटं लागली, कुणी हॉर्न वाजवला नाही. मी मागे, मांडीवर घडीची चाकाची खुर्ची घेऊन. ताईनं त्यांचा पट्टा लावला, कॉलर सारखी केली आणि गाडी काढली. पहिल्या सिग्नलला पुढे बस उभी होती. ताई नेहमीच्या वेगात गेली आणि नेहमीसारखी तिच्या मागे थांबली. मेव्हण्यांचा डावा हात झटकन समोरच्या डॅशबोर्डवर गेला. त्यांचे ओठ हलायला लागले. आधी आवाज आला नाही. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि एकेक शब्द ओझ्यासारखा उचलून बाहेर ठेवला.

“ब्रेक... फार... उशिरा मारतेस.”

सिग्नल हिरवा झाला. मागे गाड्या वाजायला लागल्या. ताई समोर बघत बसली होती.

“काय म्हणालात?”

“उशिरा,” मेव्हणे चिडून म्हणाले. “ब्रेक.”

“हो,” ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे असतात.

आता यात एक गोष्ट धंद्याची आहे. शर्यतीत जो सगळ्यांत उशिरा ब्रेक मारतो तो पुढे जातो, आणि ही खोड मी तिला पहिल्या फेरीपासून माझ्या नकळत लावली होती. परीक्षकांच्या ती लक्षात आली नाही, कारण परीक्षेत वेग पंधराच्या वर जात नाही. मेव्हणे म्हणत होते ते बरोबर होतं आणि चूक सर्वस्वी माझी होती. माझ्याकडे त्यावर उत्तरही होतं, बावीस वर्षांच्या अनुभवाचं. मी खुर्ची घट्ट धरून गप्प बसलो.

तिथून घरापर्यंत अजून नऊ सिग्नल होते. नऊच्या नऊ सिग्नलांना ताईनं मुद्दाम उशिरा ब्रेक मारला, आणि नऊही वेळा त्यांनी तिला ते सांगितलं.